चेतापेशीतील सुप्त विषाणू : नागीण व ओठांवरील फोड यांच्या मागील जैविक यंत्रणा

सारांश

कांजिण्या, नागीण, ओठांवर वारंवार येणारे फोड आणि क्वचित उद्भवणारा जीवघेणा मेंदूज्वर हे विकार हर्पिस कुलातील विषाणूंमुळे होतात. एकदा शरीरात शिरल्यावर हे विषाणू चेतापेशींमध्ये आयुष्यभर सुप्त राहतात. प्रस्तुत लेखात या सुप्तावस्थेचा शोध, तिची पेशीपातळीवरील यंत्रणा, विषाणूच्या पुनर्जागृतीची कारणे आणि उपचारांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. नागपूर परिसरात प्रथम आढळलेल्या चांदीपुरा विषाणूशी तुलना करून विदर्भातील मेंदूज्वराच्या संदर्भात या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्वही स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : हर्पिस विषाणू, सुप्तावस्था, चेतागुच्छिका, नागीण, असायक्लोव्हिर, चांदीपुरा विषाणू.

प्रस्तावना

महाराष्ट्रात 'नागीण' या आजाराचे नाव घेताच आजही भीती व्यक्त केली जाते. कमरेभोवती किंवा छातीच्या एका बाजूस पट्ट्यासारखे उठणारे पाणीदार फोड, अंगाची आग आणि असह्य ठणका ही या आजाराची लक्षणे सर्वपरिचित आहेत. नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांस मिळाले, म्हणजेच फोडांचा वेढा पूर्ण झाला की रोगी दगावतो, अशी समजूत ग्रामीण भागात आणि शहरी वस्त्यांतही आढळते. त्यामुळे वैद्यकीय उपचारांऐवजी मंत्र, लेप व उतारा यांचा आश्रय घेतला जातो आणि उपचाराचे सर्वांत मोलाचे पहिले दोन-तीन दिवस वाया जातात.

या आजाराच्या नावातील सर्प मराठीपुरता मर्यादित नाही. 'हर्पिस' हा शब्द 'सरपटणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला असून तो धातू आणि संस्कृतातील 'सृप्' धातू हे भाषाशास्त्रीय दृष्ट्या एकाच मुळाचे आहेत. 'सर्प' हा शब्द याच धातूपासून सिद्ध होतो आणि त्वचेवर पसरत जाणाऱ्या विकारांना आयुर्वेदात दिलेले 'विसर्प' हे नावही. दोन दूरच्या संस्कृतींनी या रोगाचे सरपटणे पाहिले. परंतु तो कोठून सरपटत येतो, याचे उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ते उत्तर असे, की रोगकारक विषाणू बाहेरून नव्याने येत नाही. तो रोग्याच्याच चेतापेशीत अनेक दशके निद्रिस्त असतो.

हर्पिस कुलातील विषाणू

मानवाला बाधा करणारे हर्पिस कुलातील नऊ विषाणू ज्ञात आहेत. ते सर्व शरीरात कायमचे वास्तव्य करतात. मात्र प्रत्येकाचे आश्रयस्थान वेगळे असते. काही श्वेतपेशींमध्ये दडतात. चेतापेशींचा आश्रय घेणारे विषाणू तीन आहेत. हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ हा प्रामुख्याने ओठ, तोंड व डोळे यांना बाधा करतो. हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार २ मुख्यतः जननेंद्रियांना बाधा करतो. तिसरा व्हॅरिसेला झोस्टर हा बालपणी कांजिण्या आणि उतारवयात नागीण घडवून आणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालासाठीच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात प्रकार १ चा विषाणू होता. यांपैकी बहुसंख्यांना आपल्या शरीरात असा पाहुणा आहे याची जाणीवही नसते.

या विषाणूंचा जनुकसंच दुपदरी डीएनएचा असतो. हर्पिस सिम्प्लेक्सचा डीएनए सुमारे १ लाख ५२ हजार आणि व्हॅरिसेला झोस्टरचा सुमारे १ लाख २५ हजार आधारक-जोड्यांचा आहे. हा डीएनए वीस पृष्ठांच्या प्रथिन-कवचात बंदिस्त असतो. कवचाभोवती प्रथिनांचा थर आणि त्याबाहेर मेदयुक्त आवरण असते. जनुकसंच डीएनएचा असणे ही बाब पुढील विवेचनात निर्णायक ठरणार आहे.

सुप्तावस्थेच्या शोधाचा इतिहास

बुडापेस्ट येथील वैद्य फॉन बोकाय यांनी १८९२ साली नोंदविले, की घरातील एखाद्या प्रौढास नागीण झाल्यानंतर त्याच घरातील मुलांना कांजिण्या येतात. पुढे १९०० साली हेन्री हेड व कॅम्पबेल यांनी नागिणीच्या मृत रुग्णांची तपासणी करून दाखवून दिले, की या रोगाचे मूळ त्वचेत नसून मेरुरज्जूलगतच्या पृष्ठमूल चेतागुच्छिकांमध्ये आहे. चेतागुच्छिका म्हणजे संवेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींच्या पेशीकायांचा पुंजका. प्रत्येक गुच्छिकेकडे त्वचेचा एक ठरावीक पट्टा सोपविलेला असतो. नागिणीचे फोड नेमके त्याच पट्ट्यात उठतात.

'वेढा पूर्ण झाला की मृत्यू' या समजुतीचे निराकरण याच निरीक्षणात आहे. उजव्या व डाव्या बाजूच्या गुच्छिका स्वतंत्र असतात आणि विषाणू बहुधा एकाच गुच्छिकेत जागा होतो. म्हणून फोडांचा पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो. वेढा सहसा पूर्ण होत नाही, कारण शरीररचनाच त्यास अनुकूल नाही. फोड मध्यरेषा ओलांडून पसरले, तर ते प्रतिकारक्षमता खालावल्याचे लक्षण मानून तातडीने तपासणी करावी लागते. परंतु दोन टोके जुळणे हे मृत्यूचे कारण नव्हे.

हर्पिस सिम्प्लेक्सबाबत अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९२९ साली हा विषाणू चेतागुच्छिकेत दडत असावा, असे प्रतिपादन केले. प्रत्यक्ष पुराव्यासाठी १९७१ पर्यंत थांबावे लागले. अमेरिकेतील जॅक स्टीव्हन्स व मार्जोरी कुक यांनी उंदरांच्या पायाच्या तळव्यात विषाणू टोचला. उंदीर बरे झाल्यावर त्यांच्या चेतागुच्छिका काढून भरडल्या असता त्यांत विषाणू सापडला नाही. मात्र तशाच गुच्छिका न भरडता प्रयोगशाळेत काही दिवस जिवंत ठेवल्या असता त्यांतून विषाणू बाहेर पडला. याचा अर्थ, पूर्णरूपातील विषाणू तेथे नव्हता. पण त्याचा आराखडा शाबूत होता.

दरम्यान १९६५ साली इंग्लंडमधील सामान्य वैद्यकीय व्यावसायिक एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या दवाखान्यातील अनेक वर्षांच्या नोंदींच्या आधारे नागीण म्हणजे कांजिण्यांच्या सुप्त विषाणूची पुनर्जागृती होय, हा सिद्धान्त मांडला. वयाबरोबर प्रतिकारक्षमता घटते आणि ती एका विशिष्ट पातळीखाली गेली की विषाणू डोके वर काढतो, हे त्यांचे स्पष्टीकरण पुढील संशोधनात ग्राह्य ठरले.

त्वचेपासून गुच्छिकेपर्यंतचा प्रवास

हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू प्रथम त्वचेच्या किंवा श्लेष्मल आवरणाच्या पेशींत वाढतो. तेथे असंख्य संवेदी चेतातंतूंची टोके असतात. विषाणूचे बाह्य आवरण तंतूच्या पटलाशी एकरूप होते आणि कवच आत शिरते. येथून गुच्छिकेतील पेशीकायेपर्यंतचे अंतर पेशीच्या मापाने प्रचंड असते. पायाच्या तळव्यापासून कमरेजवळील गुच्छिकेपर्यंत ते सुमारे एक मीटर भरू शकते. एवढे अंतर निव्वळ विसरणाने कापणे शक्य नाही. चेतातंतूमध्ये सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून डायनीन नावाचे वाहक प्रथिन माल पेशीकायेकडे वाहून नेते. विषाणूचे कवच याच वाहकाला जोडले जाते. अशा रीतीने प्रकार १ चा विषाणू मुख्यतः कवटीच्या तळाशी असलेल्या त्रिशाख चेतेच्या गुच्छिकेत आणि प्रकार २ चा विषाणू त्रिकास्थीजवळील गुच्छिकांत पोहोचतो.

कांजिण्यांचा विषाणू श्वसनमार्गाने प्रवेश करून रक्तावाटे सर्व त्वचेवर पसरतो. त्यामुळे तो एका ठिकाणी न थांबता मस्तकापासून कमरेपर्यंतच्या अनेक गुच्छिकांमध्ये स्थान मिळवितो. नागीण छातीवर, कपाळावर, कमरेवर किंवा पायावर अशी कोठेही उद्भवू शकते, ती यामुळेच.

सुप्तावस्थेची यंत्रणा

त्वचेतील पेशीत शिरलेला विषाणू काही तासांतच आपली जनुके कार्यान्वित करतो, हजारो प्रतिकृती निर्माण करतो आणि पेशीचा नाश करतो. चेतापेशीत हेच का घडत नाही, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर चार पातळ्यांवर देता येते.

पहिली बाब प्रारंभिक संकेताची. विषाणू स्वतःबरोबर व्हीपी-१६ नावाचे प्रथिन आणतो. ते पेशीतील विशिष्ट प्रथिनांच्या साहाय्याने विषाणूची पहिली जनुके सुरू करते. लांब चेतातंतूतील प्रवासात हे प्रथिन कवचापासून विलग होते आणि केंद्रकापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. त्याला साहाय्य करणारे एक प्रथिनही संवेदी चेतापेशींत केंद्रकाबाहेर राहते. डीएनए केंद्रकात येतो. पण त्याला जागे करणारा हाकारा मागे राहतो.

दुसरी बाब डीएनएच्या बांधणीची. केंद्रकात शिरल्यावर विषाणूच्या रेषीय डीएनएची टोके जुळून त्याचे वर्तुळ बनते. ते पेशीच्या गुणसूत्रात मिसळत नाही, स्वतंत्र राहते. पेशी या परक्या डीएनएभोवती आपली हिस्टोन प्रथिने गुंडाळते आणि त्यांवर 'ही जनुके बंद' अशा अर्थाच्या रासायनिक खुणा उमटविते. एखाद्या कार्यालयात दप्तर बांधून, लाखेची मोहोर लावून अभिलेखागारात ठेवावे, तशी ही अवस्था असते. दप्तर नष्ट झालेले नसते. फक्त वाचले जात नाही. चेतापेशी सामान्यतः विभाजित होत नाहीत व मनुष्याच्या आयुष्याइतक्याच जगतात. त्यामुळे या वर्तुळाला स्वतःच्या प्रती काढण्याचीही गरज पडत नाही.

तिसरी बाब विषाणूच्या स्वतःच्या संयमाची. सुप्तावस्थेतील हर्पिस सिम्प्लेक्सचा डीएनए पूर्णपणे मूक नसतो. १९८७ साली स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की जवळजवळ सर्व जनुके बंद असताना एका भागातून विपुल प्रमाणात आरएनए तयार होत असतो. त्यास सुप्तावस्था-संबद्ध प्रतिलेख म्हणतात. त्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून प्रतिकारयंत्रणेच्या पेशींना ओळखण्याजोगे काही हाती लागत नाही. याच भागातून निर्माण होणारे सूक्ष्म आरएनए विषाणूच्या आक्रमक जनुकांचे संदेश दाबून ठेवतात, असे २००८ मधील संशोधनाने सूचित केले. कांजिण्यांच्या विषाणूतही सुप्तावस्थेशी निगडित असा प्रतिलेख २०१८ साली मानवी गुच्छिकांमध्ये आढळला.

चौथी बाब पहारेकऱ्यांची. बाधित गुच्छिकांमध्ये सीडी-८ प्रकारच्या टी-पेशी दीर्घकाळ ठाण मांडून असतात. त्या चेतापेशीला सहसा मारत नाहीत. विषाणूने हालचाल सुरू करताच त्या अशी विकरे सोडतात, जी विषाणूच्या आवश्यक प्रथिनाचे तुकडे करतात. चेतापेशी पुन्हा निर्माण होत नसल्याने तिचा बळी न देता विषाणूला रोखणे शरीराच्या हिताचे असते. सुप्तावस्था म्हणजे विषाणूने चोरून मिळविलेला आश्रय एवढेच नव्हे. ती विषाणू, चेतापेशी व प्रतिकारयंत्रणा यांच्यातील एक प्रकारची तडजोड आहे.

पुनर्जागृती

ही तडजोड अनेक कारणांनी मोडते. ताप, प्रखर उन्हातील अतिनील किरणे, शारीरिक इजा, मानसिक ताण, मासिक पाळी यांमुळे ओठांवरील फोड पुन्हा उद्भवतात. तापानंतर आलेले असे फोड 'ताप बाहेर पडला' म्हणून दुर्लक्षिले जातात. वास्तविक तापाने जागा झालेला विषाणू बाहेर पडलेला असतो. नागपूरसारख्या प्रखर उन्हाळ्याच्या प्रदेशात उन्हात राबणाऱ्यांनी ओठांना सावली व संरक्षण देणे याच कारणाने उपयुक्त ठरते.

पेशीपातळीवर पाहता, चेतापेशीला मिळणाऱ्या पोषक घटकांचे संकेत खंडित झाले की तिच्यातील ताणाशी संबंधित मार्ग कार्यान्वित होतो. त्यामुळे हिस्टोनवरील 'बंद' खुणांचा प्रभाव तात्पुरता नाहीसा होतो आणि विषाणूला आपली जनुके वाचून घेण्याची संधी मिळते. आपली आश्रयदाती पेशी संकटात आहे, हे जणू ओळखून विषाणू स्थलांतराची तयारी करतो. नवी कवचे चेतातंतूवरून उलट दिशेने, म्हणजे गुच्छिकेकडून त्वचेकडे नेली जातात.

नागिणीत हा उद्रेक अधिक तीव्र असतो. गुच्छिकेत दाह होऊन चेतापेशींची हानी होते, म्हणून फोड येण्यापूर्वी दोन-चार दिवस आधीच वेदना सुरू होते. या काळात छातीतील दुखणे हृदयविकाराचे आणि पोटातील दुखणे आंत्रपुच्छाच्या दाहाचे वाटू शकते. हानी झालेले तंतू फोड सुकल्यानंतरही चुकीचे संदेश पाठवीत राहतात. पुरळ उठल्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या या वेदनेला नागिणोत्तर चेताशूल म्हणतात. अंगावरील सुती कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही, अशा स्थितीत वृद्ध रुग्ण महिनोन्‌महिने काढतात. कपाळ व नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळ्यास धोका असतो व नेत्रतज्ज्ञाचा सल्ला तातडीने घ्यावा लागतो. तरुण वयात उद्भवलेली नागीण एचआयव्ही संसर्गाची किंवा प्रतिकारक्षमतेच्या अन्य दुर्बलतेची सूचना असू शकते.

नागीण झालेल्या आजोबांकडून नातवंडाला नागीण होत नाही. मात्र त्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील वा लस दिलेली नसेल, तर फोडांतील द्रवाच्या संपर्काने कांजिण्या येऊ शकतात. विषाणूच्या दृष्टीने सुप्तावस्थेचे प्रयोजन येथेच उमगते. एका पिढीत शिरून, दोन पिढ्या थांबून, नव्याने जन्मलेल्यांकडे जाण्याचा हा मार्ग आहे.

चांदीपुरा विषाणूशी तुलना

१९६५ सालीच नागपूर परिसरात तापाची साथ पसरली असता, चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तनमुन्यांतून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला. भट्ट व रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गावाच्या नावावरून त्यास चांदीपुरा हे नाव मिळाले. हा विषाणू मुख्यतः वाळूमाशीमार्फत पसरतो. २००३ साली आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात, २००७ साली नागपूर विभागात आणि २०२४ साली गुजरातेत त्याने बालकांमध्ये मेंदूज्वराचे उद्रेक घडविले.

दोन्ही विषाणू चेतासंस्थेस बाधा करतात. पण त्यांचे वर्तन परस्परविरुद्ध आहे. चांदीपुराचा जनुकसंच एकपदरी आरएनएचा असतो. तो पेशीद्रवात प्रतिकृती करतो. केंद्रकात वर्तुळाकार डीएनए म्हणून दडून राहण्याची सोय त्याला उपलब्ध नाही. त्यामुळे तो वेगाने वाढतो आणि एक-दोन दिवसांत बालकाची प्रकृती अत्यवस्थ करतो. मनुष्य हा त्याचा कायमचा आश्रय नाही. हर्पिस विषाणूला मात्र मनुष्यावाचून दुसरे घर नाही, म्हणून आश्रयदात्याला जिवंत ठेवण्यातच त्याचा लाभ असतो.

या नियमास एक भीषण अपवाद आहे. हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार १ क्वचित प्रत्यक्ष मेंदूत, विशेषतः कानशिलाच्या आतील खंडात पोहोचतो. ताप, डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, वागण्यातील आकस्मिक बदल व झटके ही त्याची लक्षणे होत. उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. चांदीपुराचा मेंदूज्वर प्रामुख्याने पावसाळ्याच्या सुमारास व बालकांत आढळतो; हर्पिसचा मेंदूज्वर कोणत्याही ऋतूत व कोणत्याही वयात उद्भवतो. चांदीपुरावर विशिष्ट औषध नाही; हर्पिसवर ते आहे. म्हणून मेंदूज्वराच्या रुग्णात हर्पिसची शंका येताच पाठीच्या कण्यातील द्रवाच्या अहवालाची वाट न पाहता शिरेवाटे असायक्लोव्हिर सुरू करण्याचा वैद्यकीय संकेत आहे. वागणुकीतील बदलाला बाहेरची बाधा समजून गमावलेला प्रत्येक दिवस मेंदूच्या पेशींच्या मोलाने चुकवावा लागतो.

उपचार व त्यांच्या मर्यादा

असायक्लोव्हिर हे औषध विषाणू-उपचारातील क्रांती ठरले. त्याच्या विकासाशी निगडित असलेल्या गर्ट्रूड इलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. हे औषध मूळ रूपात निष्क्रिय असते. विषाणूचे थायमिडीन कायनेज हे विकर त्याला सक्रिय करण्याची पहिली पायरी पार पाडते, म्हणून ते बाधित पेशींतच प्रभावी ठरते व निरोगी पेशींना फारसा अपाय करीत नाही. नंतर ते विषाणूच्या वाढत्या डीएनए-साखळीत शिरून ती खंडित करते.

या कार्यपद्धतीतच औषधाची मर्यादा दडलेली आहे. सुप्त विषाणू हे विकर तयार करीत नाही व डीएनएची प्रतिकृतीही करीत नाही. त्यामुळे औषधाला पकडण्याजोगे लक्ष्य राहत नाही. असायक्लोव्हिर जागा झालेला विषाणू रोखते. निद्रिस्त विषाणू नाहीसा करू शकत नाही. नागिणीत पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत उपचार सुरू करण्याचा आग्रह धरला जातो, तो विषाणू वाढत असतानाच औषध त्याच्यापर्यंत पोहोचावे म्हणून. नेमक्या याच ७२ तासांवर लोकसमजुतींमुळे होणारा विलंब घाला घालतो.

प्रतिबंधाचा मार्ग पहारेकरी सबळ करण्याचा आहे. विषाणूच्या एका पृष्ठभागीय प्रथिनावर आधारित शिंग्रिक्स ही लस २०१७ साली अमेरिकेत मान्य झाली आणि २०२३ साली भारतात उपलब्ध झाली. तिच्या दोन मात्रा दिल्या जातात. ५० वर्षांवरील व्यक्तींच्या चाचण्यांत नागिणीविरुद्ध तिची परिणामकारकता ९० टक्क्यांहून अधिक आढळली. तिची किंमत मात्र सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. सुप्त डीएनएच कापून काढण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी जनुक-कर्तक विकरांच्या साहाय्याने उंदरांच्या एका चेतागुच्छिकेतील ९० टक्क्यांहून अधिक सुप्त हर्पिस सिम्प्लेक्स डीएनए नष्ट केला. मानवी उपचारापर्यंतचे अंतर अद्याप मोठे आहे.

समारोप

हर्पिस विषाणूंची सुप्तावस्था ही निष्क्रियता नसून अनेक घटकांनी सतत राखलेला समतोल आहे. प्रारंभिक संकेताचा अभाव, हिस्टोनांनी बांधलेला वर्तुळाकार डीएनए, विषाणूचे स्वनियंत्रण आणि टी-पेशींचा पहारा यांपैकी एखादा घटक ढळला तरी रोग पुन्हा प्रकट होऊ शकतो. या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. नागीण हा दैवी कोप वा सर्पदोष नसून बालपणीच्या कांजिण्यांचा उत्तरभाग आहे. ती मध्यरेषेपाशी थांबते, यास शरीररचनाशास्त्रीय कारण आहे. तिच्यावर औषध आहे. परंतु ते वेळेशी बांधलेले आहे. विदर्भात मेंदूज्वराचा विचार करताना चांदीपुराबरोबरच, कोणत्याही ऋतूत येणाऱ्या व औषध उपलब्ध असलेल्या हर्पिसचेही स्मरण ठेवणे आवश्यक आहे. आरोग्यसेविका, शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी 'फोड दिसताच तीन दिवसांच्या आत दवाखाना' एवढा एक संदेश जरी घरोघरी पोहोचविला, तरी अनेक वृद्धांची दीर्घ वेदना टळू शकेल.